ठिणगीचे चोचले

राजेरजवाड्यांच्या जुन्या मोटारींवर मराठीत लिहायला बसलेला लेखक तीन ठरलेल्या थांब्यांवर हटकून उतरतो. पहिला थांबा चांदीचा: मुलामा, दिवे, गाद्यांचा किनखाब. दुसरा शिकारीचा. तिसरा त्या सुप्रसिद्ध कथेचा, जीत लंडनच्या दुकानदाराने अपमान केलेला महाराजा डझनभर रोल्स-रॉइस विकत घेतो आणि शहराचा कचरा वाहायला जुंपतो. ही कथा कधी अलवरच्या नावावर खपते, कधी पतियाळाच्या, कधी हैदराबादच्या. पुरावा मागितला तर सांगणारा आपल्याकडेच दयेने पाहतो. या तिन्ही थांब्यांशी आमचे भांडण नाही. करमणुकीला परवाना लागत नाही. भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या वाक्याशी. ते वाक्य साधारण असे असते: आणि चैन तरी किती! एका इंजिनाला दोन-दोन इग्निशन, सहा सिलिंडरांना बारा प्लग!

ही चैन नव्हती. त्या सबंध गाडीत चैन नसलेली जर एखादी वस्तू असेल तर ती हीच होती, असे आमचे म्हणणे आहे. आणि चांदीवर पानेच्या पाने खर्च करणाऱ्यांनी या वस्तूला एका उद्गारचिन्हात गुंडाळावे, याचा आम्हांला राग आहे.

प्रथम ही वस्तू काय होती ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, ती नेमक्या क्षणी लागते, आणि ती पाडायला वीज लागते. १९०६ साली रोल्स-रॉइसने आपली ४०/५० अश्वशक्तीची गाडी लोकांपुढे आणली. पुढे 'सिल्व्हर घोस्ट' या नावाने जग जिला ओळखते तीच ही. त्या काळी ही वीज मिळवण्याचे दोन मार्ग होते आणि दोन्ही अर्धवट होते. एक मार्ग बॅटरीचा. बॅटरीतून निघालेला करंट एका कॉइलमध्ये जाई. त्या कॉइलच्या तोंडाशी विजेच्या घंटेत असते तशी थरथरणारी पोलादी पट्टी असे. ती पट्टी सेकंदाला कितीतरी वेळा करंट तोडी आणि जोडी, आणि प्लगच्या टोकाशी एक नव्हे, ठिणग्यांची झड लागे. इंजिन जागचे हललेही नसले तरी ही झड तितकीच जोरकस. दोष एवढाच की बॅटरी संपे. गाडीवर डायनामो बसण्याच्या आधीचा तो काळ. संपलेली बॅटरी उतरवून कुठेतरी नेऊन भरून आणावी लागे.

दुसरा मार्ग मॅग्नेटोचा. घोड्याच्या नालेसारखे लोहचुंबक, त्यांच्या मधोमध इंजिनाच्याच फिरण्याने फिरणारे तारेचे गुंडाळे, त्याला जोडलेले पॉइंट. बॅटरी नको, भरणे नको, कोणाचे उपकार नकोत. इंजिन फिरते आहे तोवर मॅग्नेटो आपली वीज आपण पिकवतो, आणि वेग वाढेल तशी ठिणगी अधिक तेज होते. दोष उलट्या बाजूचा: इंजिन मंद फिरत असताना ठिणगी मिणमिणती. आणि हँडल मारून गाडी सुरू करणारा माणूस इंजिन मंदच फिरवू शकतो. सात लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन हाताने फिरवून पाहावे, म्हणजे या वाक्याचा अर्थ मनगटाला समजेल. घोस्टवर विजेचा स्टार्टर आला तो १९१९ साली.

तेव्हा हेन्री रॉइस या इंजिनिअराने काय केले? त्याने दोन्ही ठेवले, आणि दोन्ही संपूर्ण ठेवले. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक कॉइलचा, एक मॅग्नेटोचा. तारा वेगळ्या, पॉइंट वेगळे, विजेचा उगमच वेगळा. सुरुवात कॉइलवर, प्रवास मॅग्नेटोवर, आणि वाटल्यास दोन्हींवर. एक मेले तर दुसरे घरी पोहोचवी. शिवाय दोन बाजूंनी पेट घेतलेला वायू लवकर आणि सारखा जळे, हा वरचा लाभ.

यातली एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गाडी थांबवताना ड्रायव्हर जाणता असला तर इंजिन फिरते असतानाच स्विच बंद करी आणि पेट्रोल थोडे उघडे ठेवी, म्हणजे थांबता थांबता सिलिंडरांत ताजा वायू भरून राही. सहा सिलिंडरांपैकी एखादे तरी नेमके पेटण्याच्या टप्प्यावर थांबलेले असायचेच. मालक काम आटोपून परत आला की ड्रायव्हर स्विच लावी, स्टिअरिंगच्या चाकावरचा ठिणगीचा दांडा मागेपुढे करी, थरथरत्या कॉइलची झड त्या एका सिलिंडरात पडे, आणि हँडलला हात न लावता गाडी सुरू होई. आज बटण दाबून गाडी सुरू करणारे गृहस्थ ज्याला आधुनिक युगाची देणगी समजतात, ते काम एक थरथरती पट्टी आणि एक शहाणा ड्रायव्हर पहिल्या महायुद्धाच्याही आधी करीत होते.

आता चैनीचा हिशेब करू, आणि तो वऱ्हाडात बसून करू, कारण या हिशेबात वऱ्हाडचे येणे आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने तो कंपनीकडे लावून दिला, आणि १९०२ साली कायमचा पट्टा होऊन त्याबद्दल वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला. नंतर थोड्याच वर्षांनी, १९११ साली, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसकडे एक सिल्व्हर घोस्ट मागवली. पिवळी, आत सिंहासनासारखे आसन असलेली. त्याच वर्षी ऑगस्टात ते वारले; गाडी मागाहून आली, फारच थोडे मैल चालली, आणि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहायला मिळू लागली. कोणत्या खिशातला पैसा कोणत्या गाडीत गेला हे आम्ही सांगत नाही. परंतु वऱ्हाडचा कापूस ज्या वर्षी खंड भरीत होता त्याच वर्षी ती गाडी मागवली गेली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली डोकावण्याचा हक्क वऱ्हाडी माणसाला आहे, एवढे निजामभक्तांनीही मान्य करावे.

आणि डोकावल्यावर दिसते काय? सिंहासन अर्थातच चैन. परंतु मॅग्नेटो? तो तर ज्या मुलखात वीज नाही त्या मुलखासाठी जन्मलेला होता. १९११ साली विजेचा दिवाही न पाहिलेल्या आपल्या गावांतून जाणाऱ्या मोटारीची बॅटरी वाटेत संपली तर ती कोण भरून देणार होते? जिनिंग फॅक्टरीचा बॉयलर? अशा ठिकाणी आपल्या फिरण्यातून आपली वीज काढणारी वस्तूच काय ती गरिबाची. ज्यांनी आयुष्यात लूना चालवली असेल, त्या लूनाचा मॅग्नेटो स्वतः उघडून पॉइंट घासले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या गाडीतली सर्वांत साधी, सर्वांत शेतकरी वस्तू आम्ही चोचला म्हणून हिणवतो, आणि सिंहासनाचे फोटो छापतो.

परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला येणारा घाट ज्यांनी पावसाळ्यात चढला आहे त्यांना या दुहेरी व्यवस्थेचा दुसरा अर्थ कळेल. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर. हवा विरळ होत जाते तसे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण घट्ट होत जाते. चढ उभा आणि वेग कमी, म्हणून ठिणगी जरा उशिरा पडावी लागते, नाहीतर इंजिन आतून ठोकू लागते. सपाटीवर आले की ती पुन्हा लवकर करायची. हे काम आज यंत्रच परस्पर करते. तेव्हा ते ड्रायव्हरचा अंगठा आणि कान मिळून करीत. त्यात श्रावणातले धुके. ढग दरीतून उठून रस्त्यावरच येऊन बसतात, प्लगच्या तारांवर पाण्याची साय धरते, आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच लोखंडात पळून जाते. गाडी मिसिंग मारू लागते. अशा वेळी सहा प्लगांची एक पंगत उठली तरी दुसरी बसलेली असणे, याला ज्यांना चैन म्हणायचे असेल त्यांनी एकदा देवी पॉइंटच्या वळणावर रात्र काढून पाहावी.

हा शहाणपणा नव्हता असे म्हणणाऱ्यांसाठी दोन साक्षी. पहिली १९१४ ची. चांगले मॅग्नेटो तोवर जर्मनीत, स्टुटगार्टच्या बॉश कंपनीत होत, आणि इंग्लंडच्या मोटारी, लॉऱ्या, विमाने बहुतांशी त्यांच्यावरच चालत. युद्ध पुकारले गेले आणि ज्याच्याशी लढायचे त्याच्याच दुकानातली ठिणगी आपण वापरतो आहोत हे साम्राज्याच्या ध्यानात आले. मॅग्नेटोचा उद्योग त्यांना घाईघाईने, जवळजवळ शून्यातून, उभा करावा लागला. चोचल्यासाठी कोणी असे धावत नाही. दुसरी साक्ष आकाशातली. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांत, आजही कितीतरी ठिकाणी, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, आणि उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक बंद करून दुसरा जिवंत आहे ना हे ऐकून पाहतो. जमिनीवर जी गोष्ट उधळेपणा ठरली ती हवेत नियम ठरली.

मात्र प्रत्येक दुहेरी गोष्ट दुहेरी असतेच असे नाही, आणि येथे रोल्स-रॉइसच्या आंधळ्या भक्तांशीही आमचे जमत नाही. १९३६ ची फँटम थ्री घ्या. बारा सिलिंडर, चोवीस प्लग, दोन डिस्ट्रिब्यूटर, दोन कॉइल. आकडे ऐकून माणूस नमस्कार करतो. परंतु मॅग्नेटो गेला! दोन्ही कॉइली आता बॅटरीच्याच तोंडाकडे पाहणार. दिवे दोन, पण तेल एकाच बुधल्यातले. घोस्टमध्ये होती ती खरी दोन घरे. फँटम थ्रीमध्ये आहेत त्या एकाच घराला दोन खिडक्या. चिखलदऱ्यात राहणाऱ्याला हे पटवायला लांब जावे लागत नाही, समोर गाविलगड उभा आहे. बाहेरचा कोट आणि आतला कोट, मध्ये दरी. एक पडला तरी दुसरा झुंजेल अशी ती रचना. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने बाहेरच्या कोटाला खिंडार पाडले आणि आतल्या कोटाशी ती अडली. मग ९४ व्या पलटणीची एक तुकडी शिड्या लावून न राखलेल्या जागी भिंत चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. दुसरा कोट होता, पण त्याला स्वतःचा डोळा नव्हता. त्याची राखण पहिल्याच्या भरवशावर चालली होती.

पुढच्या श्रीमंत गाड्यांनी हीच खिडक्यांची परंपरा चालवली. जॅग्वारने १९७१ साली आपल्या बारा सिलिंडरी इंजिनाला पॉइंट काढून टाकून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले आणि त्याची नाजूक पेटी बसवली कुठे, तर इंजिनाच्या दोन ओळींच्या मधल्या, भट्टीसारख्या तापणाऱ्या खोबणीत. पेट्या भाजून निघाल्या, आणि पुढे ती जागा बदलावी लागली. कागदावर प्रगती, खोबणीत भरीत. उलट बीएमडब्ल्यूने १९८७ च्या बारा सिलिंडरी गाडीत सहा-सहा सिलिंडरांना वेगवेगळे नियंत्रण दिले, एक बाजू झोपली तर दुसरीवर लंगडत घरी जाता यावे इतपत. आम्ही त्यांचे अभिनंदन करतो. रॉइसची आठवण कोणाला तरी होती.

आजची ठिणगी जुन्यापेक्षा नेमकी आहे, पेट्रोल कमी खाते, धूर कमी करते, वर्षानुवर्षे हात लावू देत नाही. हे सर्व खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. आम्हांला खुपते ते शेवटचे: हात लावू देत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका स्नेह्यांची गाडी, कंपनीचे नाव येथे अप्रस्तुत आहे, घाटात थांबली. बटण दाबले की काचेवर अक्षरे उमटत: चावी ओळखता येत नाही. चावी त्यांच्या हातात होती, गाडी त्यांच्या नावावर होती, हप्तेही त्यांनीच भरले होते. गाडीने तेवढे ओळख दाखवायचे नाकारले. परतवाड्याहून मिस्त्री आला. साठीचा माणूस, जीपगाड्या आणि ट्रॅक्टर यांत हयात गेलेली. त्याने बॉनेट उचलले, काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात खोलाले काही ठेवलंच नाई. ठिणगी कुठं पडते थे बी दिसत नाई." गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढून नागपूरला गेली. आमचे स्नेही ज्या ऐटीने वर आले होते त्याच्या निम्म्याने, एसटीने, खाली उतरले.

चैनीची व्याख्या करायचीच असेल तर येथे करावी. जी वस्तू बिघडल्यावर मालकाला आणि मिस्त्रीला सारखेच असहाय करते ती चैनीची. १९११ ची घोस्ट बिघडली तर तिच्या ड्रायव्हरपुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही वाटा तो स्वतःच्या बोटांनी चालू शकत होता.

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्या हौशी मोटारपूजकांकडे वळतो. मुंबईच्या, पुण्याच्या रस्त्यांवर जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघतात. रंग असा की आरशाची गरज नको, पितळ असे की डोळे दिपावेत. काही मालक खरे जाणते असतात, त्यांना आमचा दंडवत. परंतु ज्या गाड्यांचा जुना मॅग्नेटो 'कटकट नको' म्हणून काढून फडताळात टाकलेला असतो, किंवा त्याचे पोट कोरून आत आजची इलेक्ट्रॉनिक चकती बसवलेली असते आणि बाहेरून टरफल तसेच ठेवलेले असते, त्यांचे काय? देवळाच्या शिखराला सोन्याचा पत्रा आणि गाभाऱ्यात प्लॅस्टिकची मूर्ती! बघणारा बॉनेट उघडायला सांगत नाही, उघडले तरी टरफल पाहून समाधान पावतो.

त्यांची सबब आम्हांला ठाऊक आहे. जुन्या गुंडाळ्यांवरचे लाखेचे आवरण दमट हवेत सुटते, कंडेन्सर मरतो, लोहचुंबकाचा जोर ओसरतो, सुटे भाग मिळत नाहीत. सगळे खरे. मग गुंडाळे नव्याने भरून घ्या. चुंबकाला पुन्हा जोर देता येतो, कंडेन्सर नवा घालता येतो, आणि हे काम करणारे हात अजून आपल्या गावोगावच्या वायंडिंगच्या दुकानांत आहेत. शेतातल्या पंपाची मोटर भरणाऱ्याला सूक्ष्म तार शिकवायला थोडा धीर आणि थोडा पैसा लागेल इतकेच. मडगार्डवर जेवढा खर्च होतो त्याच्या काही अंशात हे होईल. पण मडगार्ड दिसते, गुंडाळे दिसत नाही.

कायद्याकडून मदतीची आशा धरावी तर तोही मडगार्डवालाच. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. गाडी मूळ रूपात राखलेली असावी असे त्यात म्हटले आहे, आणि मूळ रूप बिघडवणारे बदल म्हणून चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावे घेतली आहेत. ठिणगीचे नाव नाही. मॅग्नेटो हा इंजिनाचा भाग की इंजिनाला टांगलेला पाहुणा, यावर तपासणी करणारा अधिकारी काय ठरवील ते त्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर. दुसरीकडे ग्राहक खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारींचाही तीत समावेश केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले. फोन नंबर आणि पत्ते मिळाले. परतवाड्याच्या मिस्त्रीला त्या काळ्या झाकणाखालचा नकाशा मिळाला काय?

या दोन प्रश्नांचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी पुन्हा विचार करावा. आजच्या कंपनीकडे 'उघडता येईल, कळेल, दुरुस्त होईल अशी ठिणगी द्या' म्हणून मागायला जाल तेव्हा ती म्हणणार की असे कधी नव्हतेच, उत्तम गाडी ही नेहमी बंद पेटीच असते. त्यावर दाखवायला आपल्याजवळ पुरावा काय? त्या काळी जगातली सर्वांत उत्तम म्हणवलेली गाडी, जिच्या दोन्ही ठिणग्या उघड्यावर होत्या, जिचा पाना मिस्त्रीच्या खिशात मावत होता. तोच पुरावा आमचे हौशी लोक कोरून फेकत आहेत, टरफलासह, टाळ्यांच्या गजरात.

म्हणून आमचे त्यांना जाहीर आव्हान आहे. पुढची मिरवणूक मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर काढू नका. पावसाळा ओसरला की घोस्ट असो की फँटम टू, जिला म्हणून मूळचा मॅग्नेटो होता अशी प्रत्येक गाडी परतवाड्याला आणा. तेथे सर्वांसमोर बॉनेट उघडा, मिस्त्री लोकांना पुढच्या रांगेत उभे करा, जवळच्या आयटीआयची पोरे बोलवा. गाडी कॉइलवर सुरू करा, मग बॅटरीची तार काढून आमच्या हवाली करा, आणि नुसत्या मॅग्नेटोवर, ठिणगीचा दांडा अंगठ्याने सांभाळीत, घाट चढून वर या. वाटेत इंजिन ठोकू लागले तर कोणाचा कान शाबूत आहे तेही कळेल. जे वर पोहोचतील त्यांना चिखलदऱ्याची कॉफी आमच्याकडून, हवी तितकी. ज्यांच्या मॅग्नेटोच्या पोटातून चकती निघेल त्यांनी एसटीने खाली जावे. गाडी सकाळी आहे.